कार्ड ४.०, स्लॉट ३.०: घ्यावं की नाही?

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये जुन्या पीसीसाठी ग्राफिक्स कार्ड बघायला गेलात तर हा प्रश्न येणारच. उत्तर सोपं आहे: पीसीआय एक्स्प्रेसचं (मदरबोर्डवर कार्ड जोडायची पद्धत) ४.० आवृत्तीचं कार्ड ३.० स्लॉटमध्ये बसतं आणि चालतं. वेग दोघांत जो कमी असेल तो मिळतो. उलटंही तसंच. (जुना पांढरा पीसीआय स्लॉट मात्र वेगळा, त्यात हे बसणारच नाही.)

आवृत्तीपेक्षा लेन, म्हणजे डेटा जायच्या वाटा, बघा, खरी गोम तिथे आहे. ३.० मध्ये एका लेनला सेकंदाला साधारण १ जीबी, ४.० मध्ये २ जीबी. सोळा लेनच्या कार्डाला ३.० वर फारसा फरक पडत नाही. पण आरएक्स ६५०० एक्सटीसारखं कार्ड चारच लेन वापरतं, ३.० वर ते चांगलंच मार खातं. जुन्या बोर्डासाठी मी तरी ते घेणार नाही, कितीही स्वस्त मिळालं तरी.

लांब स्लॉट म्हणजे सोळा लेन, असंही धरून चालू नका. खालच्या लांब स्लॉटला अनेकदा चारच लेन जोडलेल्या असतात. मदरबोर्डचं मॅन्युअल उघडून बघा. प्रोसेसरही तपासा: बी५५० बोर्ड ४.० चा असला, तरी रायझन ५६००जी लावला की ३.० च मिळतं.

कार्ड लावल्यावर जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आवृत्ती १.१ दिसली तर दुकानदाराशी लगेच भांडू नका. रिकाम्या वेळी कार्ड वीज वाचवायला वेग उतरवतं. त्यातलीच रेंडर टेस्ट चालू करा, मग आकडा बघा.