कुरळा वीव्ह लावताय? या चुका टाळा

आमची आजी गंगावन लावायची. रात्री काढायची, विंचरून खुंटीला टांगायची आणि निवांत झोपायची. वीव्ह, म्हणजे डोक्यावर शिवून लावलेले जादा केस, असा टांगता येत नाही. सहा-आठ आठवडे तो डोक्यावरच राहतो आणि सगळी भानगड तिथेच होते. नाशिकला गंगापूर रोडवर पार्लर चालवताना दुसऱ्यांच्या त्याच त्या चुका उसवत बसायचा आता कंटाळा आलाय.

पहिली चूक, माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी: मुळं ओली ठेवणं. वीव्ह लावताना तुमच्याच केसांच्या डोक्यालगत बारीक वेण्या घालतात आणि त्यांच्यावर केसांची पट्टी सुईदोऱ्याने शिवतात. वरचे कुरळे केस लवकर वाळतात, खालच्या वेण्या मात्र पाणी धरून बसतात. जुलैत एक कॉलेजची मुलगी डोक्याला स्कार्फ बांधून आली. "ताई, वास येतोय. आई स्वयंपाकघरात येऊ देत नाही." स्कार्फ सोडला तर पावसाळ्यात न वाळलेल्या गोधडीचा वास! बाई रोज सकाळी डोकं धुवायची, ओल्याचाच अंबाडा, वर हेल्मेट, आणि सिडको ते कॉलेज रोड स्कूटीवर. वीव्ह लावून जेमतेम सोळा दिवस झाले होते. उसवायला दोन तास लागले. टाळू लालभडक, पट्ट्या थेट कचऱ्यात. आणि उठता उठता विचारते काय, "ताई, शनिवारी परत लावाल ना?" नाही लावला.

मी सांगते ते असं. दहा-बारा दिवसांतून एकदाच धुवा आणि सकाळीच धुवा. शाम्पू पाण्यात पातळ करून सॉसच्या टोकदार बाटलीने वेण्यांमधल्या भांगांत सोडा. टॉवेलने घुसळू नका, दाबून टिपा. मग केस उचलून मुळांशी कोमट हवेचा ड्रायर. शेवटी वेणीखाली बोट घालून बघा, गार लागलं तर अजून ओलं आहे. माझा यात पाऊण तास जातो. एवढा वेळ नसेल तर क्लिपवाले केस घ्या, संध्याकाळी काढून ठेवा.

दुसरी चूक, कोरडे कुरळे केस फणीने विंचरणं. कुरळेपणा मोडतो आणि डोक्यावर काथ्या उरतो. कंडिशनर लावून, जाड दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर वर यायचं. दुसऱ्या हाताने पट्टीजवळ घट्ट धरायचं, नाहीतर शिवण ओढली जाते.

वीव्हचे केस विकत घेताना "तिरुपतीचा माल" या शब्दाला भुलू नका. तिरुमलाला वाहिलेले केस लिलावात विकले जातात हे खरं, म्हणून तर प्रत्येक विक्रेता तेच नाव घेतो. एक केस ताटलीत जाळा. खरा असेल तर जळक्या पिसांचा वास येतो आणि बोटात राख चुरते, नकली असेल तर वितळून कडक गोळी होते. नकलीवर साधी इस्त्री फिरवलीत की संपलं. खऱ्यातही सगळ्या केसांची मुळं एकाच बाजूला आहेत ना, हे विचारा. उलटसुलट भरलेला माल दुकानात रेशमासारखा लागतो आणि दोन धुण्यांत त्याच्या जटा होतात. शिवाय कुरळ्या केसांची लांबी ताणून मोजतात, तेव्हा अठरा इंच घेतलेत तर डोक्यावर अठरा दिसणार नाहीत.

खोबरेल तेलाची चंपी नको.

कानशिलं ओढली जाऊन दुखत असतील, पुळ्या येत असतील तर त्याच दिवशी सोडवा. "सवय होईल" म्हणणारीकडे परत जाऊ नका. सतत ओढ बसून गेलेले केस कधी कधी परत येत नाहीत.

आणि आठ आठवड्यांनी वेण्या सोडल्यावर हातात केसांचा पुंजका येतो, तेव्हा किंचाळू नका. रोज पन्नास ते शंभर केस गळतातच, ते इतके दिवस वेणीत अडकून पडलेले असतात. गेल्या महिन्यात एक काकू तो पुंजका कागदात बांधून घरी घेऊन गेल्या, मुलीला दाखवायला.