युद्धकाळातला जुना पेपर कसा वाचायचा

टिळकांच्या रत्नागिरीत पेपरची ताकद वेगळी सांगायला नको, म्हणून इथल्या इतिहासवाल्या पोरांना एकच सांगणं, बातमीआधी मालक बघा. ब्रिटनचा डेली मेल घ्या, १८९६ ला हार्म्सवर्थ भावांनी काढलेला, पुढे दोघंही लॉर्ड. वहीत तारखा शेजारी शेजारी लिहा: मे १९१५, पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या टंचाईवरून पेपरने थेट युद्धमंत्री किचनरला धरलं, १९१७ ला धाकटा रॉदरमियर हवाई मंत्री, १९१८ ला थोरला नॉर्थक्लिफ शत्रूदेशातल्या प्रचाराचा प्रमुख, म्हणजे सरकारला झोडणारे आणि सरकारात बसणारे एकाच घरातले, हे डोक्यात ठेवूनच अग्रलेख वाचा. पण घाईने शिक्का नका मारू, रॉदरमियरची दोन मुलं त्याच युद्धात गेली. मग जानेवारी १९३४ चा अंक बघा, ब्लॅकशर्टवाल्यांचा, म्हणजे ब्रिटिश फॅसिस्टांचा जयजयकार, लेख खुद्द रॉदरमियरचा.