लग्नाच्या कामासाठी फ्लॅश: कसा मारायचा आणि कोणता घ्यायचा

मंगल कार्यालयात शिरल्यावर कॅमेरा काढण्याआधी मान वर करून छत बघा. वर पांढरा स्लॅब आहे, पत्रा आहे की रंगीत कपडा, आणि तो किती उंचावर आहे, एवढ्यावर त्या दिवशीचा फ्लॅश कसा मारायचा हे अर्धंअधिक ठरतं. फ्लॅश किती भारी आहे हा प्रश्न नंतरचा. सरळ तोंडावर मारलेल्या महागड्या फ्लॅशनेही चेहरे पांढरे फटक पडतात आणि मागचं सगळं डेकोरेशन काळं होतं.

पांढरा स्लॅब दहा-बारा फुटांवर असेल तर तुमचं नशीब. फ्लॅशचं डोकं वर करा, पण अगदी सरळ वर नको. तसं केलं की उजेड डोक्यावरून खाली येतो आणि डोळ्यांखाली खड्डे पडतात. डोकं थोडं मागे किंवा एका बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवा. मग चेहऱ्याला एक उजळ आणि एक सावलीची बाजू मिळते, नाक-गाल उठून दिसतात. फ्लॅशमधलं छोटं पांढरं कार्ड बाहेर ओढलं तर डोळ्यांत चमकही येते.

पत्र्याच्या छताचं गणित वेगळं. फ्लॅशच्या खोक्यावर गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) ६० छापलेला असतो, पण तो फ्लॅशचा झूम २०० वर असतानाचा. झूम ३५ वर तोच फ्लॅश ३६ च्या आसपास येतो. गाइड नंबरला मीटरमधल्या अंतराने भागलं की आयएसओ १०० ला लागणारं अ‍ॅपर्चर मिळतं. छत ६ मीटरवर असेल तर उजेडाला वर जाऊन खाली यायला साधारण ९ मीटर पडतात. ३६ भागिले ९ म्हणजे एफ/४. छतावर आपटताना निदान दोन स्टॉप जातात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे आयएसओ ४०० आणि फुल पॉवर. आयएसओ १६०० केला तर पाव पॉवरवर भागतं आणि फ्लॅश लवकर चार्ज होतो. हे झालं फिकट छताचं. पत्रा निळा किंवा हिरवा असेल तर बाउन्सचा, म्हणजे छतावर आपटून उजेड घेण्याचा, नाद सोडा, नवरी आजारी दिसते.

गावाकडच्या मांडवात वर लाल, पिवळा, केशरी कपडा असतो. त्यावर मारलेला उजेड तोच रंग घेऊन खाली येतो. हळदीच्या चेहऱ्यावर आणखी केशरी चढतं, आणि नंतर व्हाइट बॅलन्स ओढून ते निघत नाही, कारण मागच्या एलईडी माळांचा रंग वेगळाच असतो. अशा ठिकाणी दोन उपाय चालतात. मदतनिसाच्या हातात मोठा पांढरा रिफ्लेक्टर किंवा थर्माकोलची शीट द्या, त्याला नवरा-नवरीच्या बाजूला सहा-सात फुटांवर उभं करा आणि कॅमेऱ्यावरचा फ्लॅश त्या शीटवर मारा. दुसरा उपाय जास्त भरवशाचा: फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून स्टँडवर छत्रीत लावायचा आणि ट्रिगरने (कॅमेऱ्यावर बसणारं, फ्लॅशला दुरून उडवणारं यंत्र) उडवायचा.

दोन उजेड वेगवेगळे सांभाळा

फ्लॅशच्या फोटोत दोन उजेड एकाच वेळी नोंदले जातात. मागच्या दिव्यांचा उजेड शटर स्पीडने कमी-जास्त होतो. फ्लॅशच्या उजेडावर सिंक स्पीडच्या (साधा फ्लॅश पूर्ण फोटोवर पडतो असा सर्वात वेगवान शटर) आत शटरचा परिणाम होत नाही, त्याला अ‍ॅपर्चर, फ्लॅशची पॉवर आणि अंतर आवरतं. आयएसओ दोघांनाही लागू. म्हणून आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. आयएसओ १६००, एफ/४, शटर १/१०० पासून सुरुवात करा. मागचं डेकोरेशन एखादा स्टॉप अंधारं पण स्पष्ट दिसायला हवं. तसं दिसलं की फ्लॅश चालू करा, १/८ पॉवरवर एक फोटो घ्या आणि चेहरा बघून पॉवर वर-खाली करा.

शटर १/१०० का? आपली वीज ५० हर्ट्झची. स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/२०० ला नेलं की एका फोटोत स्टेज उजळ आणि पुढच्यात मळकं येतं, कधी आडवे पट्टेही दिसतात. १/१०० किंवा १/५० वर हा त्रास बराच आटोक्यात राहतो.

स्टेजवर टीटीएलवर, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतः ठरवलेल्या फ्लॅशच्या पॉवरवर, विसंबू नका. अंतरपाट धरलेला असताना फ्रेमचा मोठा भाग पांढरा असतो, टीटीएल फसतं आणि पॉवर कमी करतं, नवरा-नवरी अंधारात जातात. अंतरपाट खाली येताच मागचं गडद डेकोरेशन दिसतं आणि पुढच्याच फोटोत चेहरे जळतात. पैठणीची जरही अशीच फसवते. स्टेजवर अंतर फारसं बदलत नाही, तेव्हा मॅन्युअलच बरं. वरात, पाठवणी, जेवणाच्या पंगती, जिथे तुम्ही आणि माणसं दोघंही हलत असता, तिथे टीटीएल कामाचं.

अक्षता पडताना फ्लॅश कॅमेऱ्यावर असेल तर लेन्सजवळचे तांदूळ पांढरे गोळे होऊन समोर येतात. बाजूला, डोक्याच्या वर धरलेल्या फ्लॅशने हे टळतं. तांदूळ हवेत गोठलेले हवे असतील तर फ्लॅश १/१६ पॉवर किंवा त्याखाली ठेवा, कारण पॉवर जितकी कमी, तितका फ्लॅश कमी वेळ पेटतो. मागचा उजेड मात्र दोन स्टॉप खाली आणावा लागतो, नाहीतर प्रत्येक दाण्याला शेपूट दिसतं.

दुपारचा मुहूर्त

मे महिना, साडेबाराचा मुहूर्त, परभणी-नांदेडकडचं ऊन. इथे छोट्या फ्लॅशची खरी परीक्षा. भर उन्हात आयएसओ १००, शटर १/२०० ला एफ/११ लागतं. ३६ भागिले ११ म्हणजे सव्वातीन मीटर, तेही फुल पॉवरवर आणि पुढे काहीही न लावता. छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावला की दीड-दोन स्टॉप जातात आणि फ्लॅश दोन मीटरच्याही आत आणावा लागतो.

म्हणून नवरा-नवरीची पाठ उन्हाकडे करा. चेहरे सावलीत येतील. आता फ्लॅशने उन्हाची बरोबरी करायची गरज नाही, एक स्टॉप कमी उजेड पुरतो, आणि तोच फ्लॅश साडेचार मीटरपर्यंत काम करतो.

पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून एफ/२.८ लावलं तर शटर १/३२०० वर जातं. तिथे हाय स्पीड सिंक लागतं. सिंक स्पीडच्या वर (बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५०) साधा फ्लॅश मारला तर फोटोत काळा पट्टा येतो. हाय स्पीड सिंकमध्ये पट्टा जातो, पण पॉवर दोन स्टॉप किंवा जास्त घटते आणि फ्लॅश लवकर तापतो. त्यापेक्षा लेन्सवर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) लावा: शटर १/२०० वर राहतं, अ‍ॅपर्चर एफ/४ ला येतं आणि फ्लॅशची पूर्ण ताकद वापरता येते.

सोयरे-धायरे एका फोटोत

ग्रुप फोटोत पुढची रांग जळते आणि मागची काळी पडते, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. फ्लॅश पुढच्या रांगेपासून ३ मीटर आणि मागच्यापासून साडेचार मीटर असेल तर मागे एका स्टॉपहून जास्त कमी उजेड पोचतो. फ्लॅश मागे नेऊन ६ आणि साडेसात मीटर केला तर फरक सुमारे दोन तृतीयांश स्टॉप राहतो. म्हणून ग्रुपसाठी फ्लॅश मागे आणि उंच न्या, पॉवर वाढवा, एफ/८ ठेवा. दोन फ्लॅश असतील तर कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या पॉवरवर लावा. चष्म्यात चमक आली तर फ्लॅश आणखी वर घ्या किंवा हनुवटी जरा खाली करायला सांगा.

गोंधळ

लग्नानंतरच्या गोंधळात दिवटीचा उजेड साधारण १९०० केल्विनचा, आणि फ्लॅशचा ५५०० च्या आसपास (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका लहान तितका उजेड केशरी). साधा फ्लॅश मारला की गोंधळी निळसर पांढरा होतो आणि दिवटी विझल्यासारखी दिसते. फ्लॅशवर फुल सीटीओ जेल (उजेड केशरी करणारा पारदर्शक रंगीत कागद) लावा, उजेड ३००० केल्विनच्या जवळ येतो. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३२०० वर ठेवा. चेहरा नैसर्गिक दिसतो, ज्योत केशरीच राहते. आयएसओ १६००, एफ/४, शटर १/१५, फ्लॅश १/३२ आणि रिअर कर्टन सिंक लावा. फ्लॅश शेवटी उडाल्याने दिवटीची रेघ माणसाच्या मागे उमटते, पुढे नाही. ट्रिगरवरून रिअर कर्टन सगळ्याच कॅमेऱ्यांत चालत नाही, घरीच तपासून घ्या. जेल नसेल तर गोंधळात फ्लॅश बंद ठेवलेला परवडला.

अजिंठ्याला प्री-वेडिंगसाठी जाणाऱ्यांनी फ्लॅश बॅगेतच ठेवावा. चित्रांच्या लेण्यांत त्याला मनाई आहे.

काय घ्यायचं

पैसे मोजकेच असतील तर कंपनीचा एक भारी फ्लॅश घेण्यापेक्षा दोन साधे मॅन्युअल फ्लॅश, एक रेडिओ ट्रिगर, दोन स्टँड आणि दोन पांढऱ्या छत्र्या घ्या. गोडॉक्स टीटी६०० सारखा फ्लॅश सेलवर चालतो आणि रेडिओ आतच असतो. त्यात टीटीएल नाही, आणि हाय स्पीड सिंक फक्त ट्रिगरवरून चालतं, थेट कॅमेऱ्यावर बसवून नाही. ट्रिगर मात्र तुमच्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठी बनवलेलाच घ्या. कॅननसाठीचा ट्रिगर सोनीवर चालत नाही.

हंगामात एकामागून एक लग्नं असतील तर लिथियम बॅटरीचा टीटीएल फ्लॅश घ्या, उदाहरणार्थ गोडॉक्सचा व्ही८६०. फुल पॉवरवरही तो दीड-दोन सेकंदांत तयार होतो. दुपारच्या उन्हासाठी आणि मोठ्या ग्रुपसाठी गोडॉक्सचाच २०० वॉटसेकंदांचा एडी२०० छोट्या फ्लॅशपेक्षा जवळपास दीड स्टॉप जास्त उजेड देतो. खेड्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि जनरेटरचा दाब वर-खाली होतो, त्यामुळे प्लगवर चालणारे स्टुडिओ दिवे मांडवात नेऊ नका.

सेल रिचार्जेबल घ्या, १.२ व्होल्टचे, २००० एमएएचच्या आसपास. किराणा दुकानातले साधे सेल फ्लॅशला पुरत नाहीत, चार फोटोंनंतर फ्लॅश तयार झाल्याचा दिवा लागायची वाट बघत बसावं लागतं. चार सेलचा संच एकत्रच चार्ज करा आणि एकत्रच वापरा. एक सेल कमजोर असला की चारही ओढले जातात.

आणखी एक घोळ हमखास होतो. नवरीकडचा आणि नवऱ्याकडचा फोटोग्राफर एकाच कंपनीचा ट्रिगर घेऊन येतात आणि दोघेही चॅनेल १ वर असतात. तिकडे बटण दाबलं की इकडचा फ्लॅश उडतो. सकाळीच भेटून चॅनेल वाटून घ्या, आयडीचं सेटिंग असेल तर तेही बदला. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी ठेवा, किंवा स्टँड टाळून क्लॅम्पने फ्लॅश मांडवाच्या खांबाला बांधा. पोरं पळापळी करतातच.

जुना फ्लॅश घेताना फुल पॉवरवर सलग दहा वेळा उडवून बघा. चार्ज व्हायला दर वेळी वेळ वाढत असेल, ट्यूब काळी पडली असेल किंवा सेलच्या खणात हिरवट गंज असेल तर सोडून द्या. फिल्मच्या काळातले काही फ्लॅश हॉट शूवर (कॅमेऱ्यावरची फ्लॅश बसवायची खाच) २०० व्होल्टहून जास्त दाब देतात आणि डिजिटल कॅमेरा बिघडवू शकतात. तसे फ्लॅश थेट कॅमेऱ्यावर लावू नका. कुठलाही फ्लॅश घरी उघडू नका. सेल काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट उरलेले असू शकतात.

फुल पॉवरवर वीस-तीस वेळा सलग उडवल्यावर फ्लॅशला दहा मिनिटं विश्रांती द्या, उन्हाळ्यात जास्तच. तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि ते नेमकं मंगलाष्टकांच्या शेवटी होतं. बॅग उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, बॅटऱ्या फुगतात. धूळ बसलेली पुढची काच कोरड्या मऊ कापडाने पुसा. हंगाम संपला की सेल काढून ठेवा, आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा सेल घालून फ्लॅश दहा-बारा वेळा उडवा. बरेच महिने पडून राहिलेला कपॅसिटर कमजोर होतो आणि हंगामाच्या पहिल्याच लग्नात चार्जिंगला अडतो.