वावरात मावा अन् पांढरी माशी कशी पाहायची

मावा अन् पांढरी माशी म्हणजे पिकाचा रस शोषणाऱ्या बारीक किडी. पहिल्यांदाच पाहणार असाल तं डायरेक्ट पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत नका घुसू, धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) रुईच्या झाडापासून सुरू करा. रुईवर कोणी फवारा मारत नाही म्हणून तिथं सगळा कारभार जसाच्या तसा भेटते. शेंड्याच्या कोवळ्या पानांवर पिवळाधम्मक मावा चिकटून असते, पाय काळे, अन् मागून दोन काळ्या नळ्या निघालेल्या, बाईकच्या डबल सायलेन्सरवानी. त्या नळ्या दिसल्या की तो मावाच. रुईचा चीक मात्र डोळ्यात जाऊ देऊ नका बाप्पा, हात धुतल्याशिवाय डोळे चोळायचेच नाहीत.

सामान म्हणाल तं दहापट मोठं दाखवणारं भिंग बस झालं. नसेल तं मोबाईलच्या कॅमेऱ्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवून अलगद उलटा करा, माझा तीनदा घसरला, चौथ्यांदा जमलं.

आता एक जाड मावा निवडा अन् त्याच्यावरच नजर ठेवून बसा, घाई असेल तं हे काम करूच नका. आपल्याकडं दिसणाऱ्या जवळपास सगळ्या माद्याच असतात, नर लागत नाही, अंडंबिंडं काही नाही, सरळ जितं पिल्लू मागच्या पायांकडून बाहेर येते अन् थोड्या वेळात पायावर उभं राहून चालायला लागते. आठवडा-दहा दिवसात तेच आई होते, म्हणून तं परवा चार दिसले अन् आज फांदी भरली असं होते. गर्दी वाढली की पंखवाले निघतात अन् दुसरं झाड धरतात.

तिथंच मुंगळे फिरताना दिसले तं नशीब समजा. मुंगळा मिशीनं माव्याला थापटते, मावा मागून गोड थेंब सोडते, मुंगळा पिऊन घेते, अगदी गायीची धार काढल्यावानी. त्याच फांदीवर काळी, नारंगी ठिपक्यांची, मगरीसारखी बारीक अळी असेल तं तिला चिरडू नका, ते ढालकिड्याचं (लेडीबर्डचं) पिल्लू आहे अन् मावाच खाते. फुगलेला, तपकिरी, न हलणारा मावा दिसला तं त्याच्या आत बारीक गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असते, गोल भोक असेल तं ती उडून गेली.

पांढरी माशी लय चपळ, हात लागला की भुर्रकन उडते. म्हणून सकाळी थंडाव्यात जा, तेव्हा ती सुस्त असते. आपली सावली झाडावर पडू देऊ नका, पान न तोडता देठाला धरून हळूच उलटं करा. मोठ्या माश्या वरच्या कोवळ्या पानांखाली, पण पिल्लं पाहायची तं मधल्या-खालच्या पानांखाली, चपटी, फिकट पिवळी, एका जागी चिकटून, मी पहिल्यांदा ती पानाचीच खवलं समजलो होतो. अजून एक गंमत, माव्यानं टाकलेली पांढरी कात पाहून लोक पांढरी माशी समजतात, फुंकर मारा, उडून परत बसली तं माशी.

कपाशीत मोजायचं असेल तं प्रत्येक झाडाचं वरचं, मधलं, खालचं असं एकेक पान घ्या. दर पानाला सरासरी 10 मावा किंवा 8-10 पांढऱ्या माश्या होईपर्यंत औषध लागत नाही. अन् फवारा झालेल्या वावरात पाहायला जाऊच नका, शेजारच्याला विचारून घ्या आधी, 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाह्यलं.

अमरावती जिल्ह्यात वरुड-मोर्शीकडं असाल तं संत्र्याच्या नव्या नवतीची पानं उलटून पाहा, कोळशीवाल्या (कोळशी म्हणजे पानावरची काळी बुरशी) काळ्या माशीची अंडी तिथं जिलेबीच्या वेढ्यासारखी गोल गोल लावलेली भेटतात.