बाबांचं डायलिसिस आणि माझी निळी फाईल

बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, आणि वर सिंहगड रोडवरून रिक्षाचं भाडं वेगळंच. फिश्चुलाच्या (डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडतात त्या) ऑपरेशनला अॅडमिट करायची वेळ आली तेव्हा काउंटरवरचा माणूस म्हणाला, "स्कीम वगैरे काही नाही, आधी डिपॉझिट भरा." मी भरणारच होतो, पण शेजारच्या बाकावरच्या काकू म्हणाल्या, अरे हे धर्मादाय हॉस्पिटल आहे, सोशल वर्करला भेट ना.

तिथं कळलं की धर्मादाय हॉस्पिटलांत १०% खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १०% दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आमचं उत्पन्न दुसऱ्यात बसत होतं. मग तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, त्यात रेशन कार्डावर बाबांचं नाव 'दत्तात्रय' आणि आधारवर 'दत्तात्रेय', त्या एका मात्रेपायी दोन चकरा! तेव्हापासून निळ्या फाईलमध्ये सगळ्याच्या पाच-पाच झेरॉक्स.

डायलिसिस महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसलं, गोळ्या जनऔषधीतून (सरकारी योजनेतलं स्वस्त जेनेरिक औषधांचं दुकान). आणि हो, टॅक्स भरणाऱ्यांनो, जुन्या रिजीममध्ये ठरावीक गंभीर आजारांच्या उपचारखर्चाची वजावट (१९६१च्या आयकर कायद्यातलं कलम ८०डीडीबी) बघा, ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत वजावट मिळते, फक्त नेफ्रॉलॉजिस्टचं (किडनीच्या डॉक्टरचं) प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा. रिक्षाचं मात्र अजून खिशातूनच जातंय.