फोनवरचं पोकर: पहिल्या शंभर डावांत चिप्स कशा वाढवायच्या

तिरट खेळून हात बसलेला माणूस ऑनलाइन पोकरच्या टेबलावर बसला की पहिल्या अर्ध्या तासात चिप्स उधळून मोकळा होतो. पत्त्यांची समज कमी असते म्हणून नव्हे. तिरटात तीन पत्ते, बूट, चार चाली आणि शो. प्रत्येक डावात थोडी तरी चाल करायची, ही सवय तिथली. टेक्सास होल्डेममध्ये दोन पत्ते तुमच्या हातात, पाच टेबलावर सगळ्यांचे मिळून, आणि बोलीच्या फेऱ्या चार. रद्दड दोन पत्त्यांवर घातलेल्या शंभर चिप्स चौथ्या फेरीपर्यंत हजारो चिप्स ओढून नेतात. इथे लवकर पुढे जायचं तर बहुतेक डाव टाकून द्यायचे आणि उरलेल्यांत बोली मोठी लावायची.

आधी कायद्याचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे भरून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वादच कायद्याने ठेवलेला नाही. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून इथलं सगळं फुकट चिप्सच्या टेबलांसाठी आहे, म्हणजे ज्या चिप्सचे पैसे कधीच होत नाहीत अशा टेबलांसाठी. टेलिग्रामवर नाहीतर व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ‘एपीके टाका, यूपीआयने पाचशे भरा’ म्हणणारे भेटतील. पैसे काढायला गेलं की ते ‘आधी टॅक्स भरा’ म्हणतात, आणि तो भरला की नंबर बंद. कुणाचे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते.

बसण्याआधी

सहा जणांचं टेबल निवडा. नऊ जणांच्या टेबलावर वाट फार पाहावी लागते आणि नवा माणूस कंटाळून भलतेच पत्ते खेळायला लागतो. टेबलावर बसताना बिग ब्लाइंडच्या, म्हणजे दर डावाआधी सक्तीने भरायच्या दोन बुटांपैकी मोठ्याच्या, १०० पट चिप्स घ्या. ब्लाइंड ५०/१०० असेल तर १०,००० चिप्स. खात्यात एकूण असतील त्याच्या वीसाव्या हिश्श्याहून जास्त एका टेबलावर मांडायच्या नाहीत. दोन लाख फुकट चिप्स मिळाल्या असतील तर १०,००० हेच तुमचं टेबल. मोठ्या टेबलावर बसल्याने खेळ सुधारत नाही, खातं तेवढं लवकर रिकामं होतं.

सेटिंगमध्ये तीन गोष्टी बघा. चार रंगांची पानं चालू करा, म्हणजे बदाम लाल, इस्पिक काळं, चौकट बहुधा निळी आणि किलवर हिरवं दिसतं. लहान स्क्रीनवर बदाम आणि चौकट यांची गल्लत होऊन एकाच रंगाचे पाच, म्हणजे फ्लश, समजून बसणारे कमी नाहीत. चिप्स संपल्या की आपोआप भरणारी सोय बंद करा. आणि चिप्स विकत घ्यायची खिडकी फोनच्या पासवर्डमागे टाका, विशेषतः फोन घरातली पोरंही वापरत असतील तर.

नेटचंही बघून घ्या. विचार करायला बहुतेक ॲप पंधरा ते तीस सेकंद देतात. पावसाळ्यात लाइट गेली की वायफाय जातं, आणि थोड्या वेळाने गावातला टॉवरही मान टाकतो. बोली तुमच्यावर आलेली असताना लाइन तुटली तर ॲप सहसा तुमचे पत्ते टाकून देतं, मग हातात एक्क्यांची जोडी का असेना. मोबाइल डेटा चालू ठेवूनच बसा.

तिरटाची क्रमवारी डोक्यातून काढा

इथली चढती क्रमवारी अशी: नुसता मोठा पत्ता, एक जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, स्ट्रेट म्हणजे ओळीने पाच, फ्लश म्हणजे एकाच रंगाचे पाच, फुल हाउस म्हणजे तीन सारखे अधिक एक जोडी, चार सारखे, आणि सगळ्यांत वर एकाच रंगाचे ओळीने पाच. सात पत्त्यांतले सर्वांत चांगले पाच धरले जातात.

घात दोन ठिकाणी होतो. तिरटात सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा, इथे फ्लश स्ट्रेटपेक्षा मोठा. तिरटात ट्रेल म्हणजे राजा. इथे तीन सारखे स्ट्रेटच्याही खाली. टेबलावर सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी पडलेली असताना तीन नव्व्या जमल्या म्हणून ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स लावून, जाणाऱ्याला गुलामवाला किंवा छक्कीवाला उचलून नेतो. एक्का-दुर्री-तिर्री ही ओळ तिरटात बहुतेक ठिकाणी मोठी धरतात, इथे एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी ही सर्वांत लहान स्ट्रेट.

जागा आणि पत्ते

टेबलावर पहिले तीन पत्ते एकदम उघडतात, तो फ्लॉप; चौथा टर्न, पाचवा रिव्हर. डीलरचं बटण (वाटणाऱ्याची खूण) ज्याच्यासमोर, तो फ्लॉपनंतरच्या प्रत्येक फेरीत सगळ्यांत शेवटी बोलतो. त्याच्या डावीकडचे दोघे स्मॉल आणि बिग ब्लाइंड, म्हणजे सक्तीचा बूट भरणारे. बिग ब्लाइंडच्या डावीकडचा फ्लॉपआधी सगळ्यांत पहिल्यांदा बोलतो. परभणीच्या मोंढ्यात सौद्याला उभा असलेला जुना खरेदीदार आधी इतरांचे आकडे ऐकतो आणि मग तोंड उघडतो. बटणावरच्या माणसाला तीच सवलत प्रत्येक डावात फुकट मिळते. म्हणून तेच दोन पत्ते एका जागेवरून खेळायचे आणि दुसऱ्या जागेवरून टाकायचे असतात.

सगळ्यांत आधी बोलायचं असेल तेव्हा एवढंच खेळा: सत्तीपासून एक्क्यापर्यंतच्या जोड्या, एक्का-राजा आणि एक्का-राणी कुठल्याही रंगाचे, एक्का-गुलाम आणि राजा-राणी कुठल्याही रंगाचे, आणि एकाच रंगाचे असतील तर एक्का-दश्शी, राजा-गुलाम, राणी-गुलाम, गुलाम-दश्शी. बावन्न पत्त्यांतून दोन पत्ते १,३२६ प्रकारे येतात. त्यांतले हे १२८. म्हणजे दहातले नऊ डाव या जागेवरून थेट टाकायचे.

बटणावर असाल आणि आधीच्या सगळ्यांनी पत्ते टाकले असतील तर हात मोकळा सोडा. सगळ्या जोड्या. एक्क्यासोबत त्याच रंगाचा कुठलाही पत्ता. वेगळ्या रंगात एक्का-अठ्ठीपर्यंत, राजा-दश्शीपर्यंत, राणी-दश्शी, राणी-गुलाम आणि गुलाम-दश्शी. एकाच रंगात राजा-अठ्ठी, राणी-नव्वी, गुलाम-नव्वी, दश्शी-अठ्ठी यांपासून वरचे, आणि नव्वी-अठ्ठीपासून पंजी-चौकीपर्यंतचे लागोपाठचे पत्ते. हे सगळे मिळून ३३८ होतात, म्हणजे साधारण चौथा हिस्सा. मधल्या जागांवर या दोहोंच्या मधलं काहीतरी. तिथे फार डोकं लावू नका.

नुसतं टाकत बसणंही परवडत नाही. सहा डावांत एक फेरा होतो आणि फेऱ्यामागे दीड बिग ब्लाइंड जातो. शंभर डाव नुसते बघत बसलात तर पंचवीस बिग ब्लाइंड, म्हणजे टेबलावरच्या तुमच्या चिप्सचा (स्टॅकचा) पाव भाग, आपसूक गेला. ही भरपाई बटणावरून आणि त्याच्या उजवीकडच्या जागेवरून काढायची असते.

सर्वांत महाग पत्ते कोणते म्हणाल तर वेगळ्या रंगाचा एक्का-छक्की आणि त्याचे भाऊबंद. एक्का पडला की सोडवत नाही, आणि समोर एक्का-राणी असली की तिन्ही फेऱ्या तुम्ही भरता.

किती लावायचं

नुसतं बिग ब्लाइंडएवढं भरून आत शिरू नका. आत यायचं तर रेझ करूनच, म्हणजे बोली वाढवूनच. फुकट टेबलांवर लोक कॉल फार करतात, म्हणजे लागलेली रक्कम भरून डावात राहतात, म्हणून पुस्तकी अडीच पट इथे पुरत नाही. चार बिग ब्लाइंड, आणि आधी नुसतं भरून शिरलेल्या प्रत्येकामागे आणखी एक.

कारण साधं आहे. एक्क्यांची जोडी कुठल्याही एका हाताविरुद्ध सरासरी ८५ टक्के वेळा जिंकते. चौघांविरुद्ध तीच जोडी सुमारे ५६ टक्क्यांवर येते. ‘एक्के आलेत, गप्प बसू, सगळ्यांना येऊ द्या’ असं म्हणणारा स्वतःच स्वतःची बाजू कमकुवत करतो.

एक पूर्ण डाव मांडून बघू. ब्लाइंड ५०/१००, सगळ्यांकडे १०,०००. तुम्ही बटणावर, हातात एक्का-राणी. दोघे १०० भरून आत आलेत. तुमचा रेझ ६००. दोन्ही ब्लाइंडनी टाकलं, आधीचे दोघे कॉल. पॉट, म्हणजे मधे जमलेल्या सगळ्या चिप्स, १,९५०. फ्लॉप: बदामची राणी, किलवरची सत्ती, चौकटची तिर्री. दोघे चेक करतात, म्हणजे काही न लावता बोली पुढे देतात, तुम्ही १,३०० लावता, एक जण कॉल करतो. पॉट ४,५५०. टर्नला इस्पिकची दुर्री, ३,००० लावा. कॉल आला तर पॉट १०,५५० आणि तुमच्याकडे उरले ५,१००, म्हणजे पॉटच्या निम्म्याच्या आत. रिव्हरला अठ्ठीसारखा निरुपद्रवी पत्ता पडला तर तेही लावता येतात, आणि राणी-दश्शी धरून बसलेला माणूस ते भरतो. टर्नला भीतभीत ५०० लावले असते तर पॉट वाढलाच नसता, आणि रिव्हरला उरलेले लावायला तोंड राहिलं नसतं. दोन-तृतीयांश पॉट, तीन फेऱ्या: शंभर बिग ब्लाइंड आत जायला एवढं पुरतं.

याच डावात टर्नला तुमच्या ३,००० वर समोरच्याने अचानक रेझ केला तर? फुकट टेबलावर दिवसभर नुसता कॉल करणारा माणूस टर्नला रेझ करतो तेव्हा त्याच्याकडे दोन जोड्या किंवा त्याहून मोठं काही असतं. एका जोडीवर तिथे थांबा. एवढी एक शिस्त पाळली तरी मोठे फटके कमी होतात.

ब्लफ आणि ड्रॉ

ब्लफ, म्हणजे पत्ते नसताना मोठं लावून समोरच्याला पळवणं, बाजूला ठेवा. अर्धा पॉट लावून केलेला ब्लफ बरोबरीत यायला समोरच्याने ३३ टक्के वेळा पत्ते टाकावे लागतात, पूर्ण पॉट लावला तर ५० टक्के. फुकट चिप्सच्या टेबलावर एक जोडी लागलेला माणूस पत्ते टाकत नाही, मग ब्लफ कुणाला करायचा? अपवाद एकच: फ्लॉपआधी तुम्ही रेझ केला, समोर एकटाच उरला आणि त्याने चेक केलं, तर पॉटच्या एक-तृतीयांश एकदा लावून बघा. दोन वेगळे पत्ते घेऊन आलेल्या माणसाला फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून बरं काही तीनातून एकदाच लागतं. कॉल आला तर तिथेच सोडा.

ड्रॉ म्हणजे एखादा पत्ता आला की पुरा होणारा अपुरा हात. त्याचा हिशेब तोंडी होतो. उपयोगी पडणारे पत्ते मोजा. दोन पत्ते यायचे बाकी असतील तर चारने गुणा, एकच बाकी असेल तर दोनने. फ्लशला चार लागलेत, पाचवा हवा: नऊ पत्ते, दोन बाकी असताना ३६ (खरा आकडा ३५), एक बाकी असताना १८ (खरा १९.६). दोन्ही टोकांनी उघड्या स्ट्रेटला आठ पत्ते. मधला एक हवा असेल तर फक्त चार, म्हणजे एका पत्त्यावर ८-९ टक्के. तो नाद सोडलेला बरा.

आता किंमत. पॉट १,०००, समोरच्याने ५०० लावले. ५०० भरून तुम्ही २,००० च्या पॉटमध्ये उभे, म्हणजे २५ टक्के शक्यता हवी. एकच पत्ता बाकी असताना फ्लशच्या ड्रॉला ती नाही. तरी त्याच्यासमोर आणखी पाच-सहा हजार असतील आणि फ्लश लागल्यावरही तो भरेल असा असेल, तर कॉल चालतो. लहान जोड्यांचंही असंच: फ्लॉपवर तिसरा पत्ता साडेआठ वेळांत एकदा लागतो, म्हणून फ्लॉपआधी भरायच्या रकमेच्या निदान पंधरा पट चिप्स दोघांकडेही असल्या पाहिजेत.

दर डावाला ऑल-इन जाणारा

असा एक जण फुकट टेबलावर असतोच. त्याच्यावर चिडून दुर्री-सत्ती घेऊन भिडू नका. तो खरंच काहीही घेऊन जातो का, हे तीन-चार डाव बघा. खात्री झाली की नव्व्यांची जोडी किंवा वर, आणि एक्का-राजा, यांवर कॉल करा. कुठल्याही दोन पत्त्यांविरुद्ध नव्व्या ७२ टक्के, एक्का-राजा ६५ टक्के जिंकतात. तुमच्या मागे अजून बोलायचे बाकी किती आहेत, तेवढं बघून.

सिट अँड गो, म्हणजे टेबल भरलं की सुरू होणारी छोटी स्पर्धा, या प्रकारात ब्लाइंड ठरावीक मिनिटांनी वाढतात, म्हणून तिथे सुरुवातीला हात आणखी आवळा आणि स्टॅक दहा बिग ब्लाइंडच्या खाली आला की मधला मार्ग सोडा: ऑल-इन किंवा फोल्ड, म्हणजे पत्ते टाकणं.

शंभर डावांनंतर

शंभर डावांत नशिबाचा भाग मोठा असतो, तेव्हा फक्त चिप्सच्या आकड्यावरून खेळ तोलू नका. ॲपमध्ये हँड हिस्टरी (खेळलेल्या डावांची नोंद) असेल तर ती उघडा. स्वतःहून चिप्स घातलेले डाव पंधरा ते बावीसच्या दरम्यान आहेत का? चाळीस असतील तर पत्त्यांची यादी पाळली गेली नाही. मग हरलेले पाच मोठे पॉट काढा आणि प्रत्येकात तीन गोष्टी बघा: कुठल्या जागेवरून आत गेलात, रेझ करून गेलात की नुसतं भरून, आणि रिव्हरला शेवटचा कॉल कशावर केला. अनेकदा यांतले काही पॉट स्मॉल ब्लाइंडवरून ‘अर्धं तर भरलंच आहे’ म्हणून सुरू झालेले निघतात. त्या जागेवरून फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत आधी बोलावं लागतं, म्हणून पुढच्या शंभर डावांत तिथे रेझ करण्यासारखे पत्ते नसतील तर ते ५० तसेच जाऊ द्या.