नव्या गेमिंग पीसीचा स्कोअर वाचायचा कसा

नागपुरात मी पीसी असेंबल करून देते. गिऱ्हाईकाच्या हाती मशीन देण्याआधी त्याच्यासमोरच थ्रीडीमार्क या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमधली 'टाइम स्पाय' ही टेस्ट चालवते. टेस्ट संपली की वर मोठ्या अक्षरांत एक आकडा येतो आणि पोरं लगेच त्याचाच फोटो काढतात. मी त्यांना तो आकडा सोडून खालचे दोन बघायला लावते: ग्राफिक्स स्कोअर (ग्राफिक्स कार्डाचा) आणि सीपीयू स्कोअर (प्रोसेसरचा).

वरच्या आकड्यात ग्राफिक्सचं वजन ८५ टक्के आणि प्रोसेसरचं १५ टक्के असतं, आणि हिशोब साध्या सरासरीचा नसून हरात्मक सरासरीचा असतो. त्यामुळे जी बाजू कमजोर, ती जास्त खाली ओढते. समजा, आरटीएक्स ४०६० या ग्राफिक्स कार्डाचा ग्राफिक्स स्कोअर १०,५०० आला. सोबतच्या प्रोसेसरचा स्कोअर १४,००० असेल तर एकूण १०,९०० च्या वर जातो आणि ५,००० असेल तर ९,००० च्या आसपास थांबतो. कार्ड तेच, काम तेवढंच. मित्राचा एकूण आकडा मोठा दिसला म्हणून आपलं कार्ड खराब आहे असं धरून दुकानदाराशी वाद घालायला जाऊ नका.

वेगवेगळ्या टेस्टचे आकडेही एकमेकांशी ताडून बघायचे नसतात. टाइम स्पाय २०१६ ची, १४४०पी रिझोल्यूशनवर चालणारी. थ्रीडीमार्कचीच दुसरी टेस्ट 'स्टील नोमॅड' २०२४ ची, ती ४के वर चालते आणि तिथे स्कोअर म्हणजे सरासरी फ्रेमरेट गुणिले १००. तिथे २,२०० आला म्हणजे सेकंदाला २२ फ्रेम. त्याच कार्डाला टाइम स्पायमध्ये दहा हजारांवर मिळाले होते, म्हणून घाबरायचं कारण नाही.

तुलना करायची ती फक्त त्याच कार्डाशी, त्याच टेस्टमध्ये, ग्राफिक्स स्कोअरची. निकालाच्या पानावर तुमच्यासारखंच कार्ड आणि प्रोसेसर असलेल्यांची सरासरी दिसते. त्यापेक्षा तीन-चार टक्के इकडेतिकडे असेल तर निवांत राहा. दहा टक्क्यांहून खाली असेल तर शोध घ्या.

सुरुवात मॉनिटरच्या केबलपासून करा. ती मदरबोर्डच्या पोर्टात नको, कार्डाच्या पोर्टात हवी. मग जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून 'बस इंटरफेस'ची, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डमधल्या जोडणीची, ओळ वाचा. ४०६० ला आठच लेन (डेटा जाण्याच्या वाटा) असतात, तेव्हा '@' च्या आधी 'x८ ४.०' (आठ लेन, वेगाची पिढी ४.०) दिसलं तर कार्डाकडून सगळं ठीक आहे. '@' च्या पुढे, म्हणजे प्रत्यक्ष चालू असलेल्या जोडणीत, मात्र x४ दिसलं तर कार्ड बहुधा खालच्या स्लॉटमध्ये बसलंय. तो दिसायला तेवढाच लांब असतो, पण बऱ्याच बोर्डांवर आत चारच लेन जोडलेल्या असतात. एक खबरदारी घ्या: मशीन रिकामं बसलेलं असताना कार्ड वीज वाचवायला वेग उतरवतं आणि '@ १.१' दाखवतं. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट सुरू करा आणि मगच आकडा वाचा.

सीपीयू स्कोअर पडला असेल तर मी आधी रॅम बघते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग दिसतो. ३२०० च्या पट्ट्या घेतल्या असूनही तिथे २१३३ किंवा २६६६ दिसत असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करायचं राहिलंय. पैसे वाचवायला १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते. फरक गेममध्ये जाणवतो, विशेषतः '१ टक्का लो' या आकड्यात, म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमच्या वेगात. सरासरी ९० फ्रेम आणि १ टक्का लो ३५ असेल तर गेम मधेमधे अडखळणारच. माझ्या मते सरासरीपेक्षा हाच आकडा जास्त खरा बोलतो. खुद्द गेममधला बेंचमार्क चालवताना फ्रेम जनरेशन (कार्डाने स्वतः बनवलेल्या जादा फ्रेम मधे घालणं) बंद ठेवा, नाहीतर मधे घुसवलेल्या फ्रेममुळे आकडा फुगतो आणि माउसला तेवढी चपळाई येत नाही.

आमच्या विदर्भातल्या उन्हात सगळ्यात महत्त्वाची ती थ्रीडीमार्कची स्ट्रेस टेस्ट. एकच दृश्य वीस वेळा चालतं, आणि सगळ्यात वाईट फेरी सगळ्यात चांगल्या फेरीच्या किमान ९७ टक्के आली तर पास. दुकानाच्या एसीत ती पास होणं फारसं कामाचं नाही. घरी, ज्या खोलीत मशीन राहणार तिथे, कॅबिनेटची काच लावून, मे महिन्यातल्या दुपारी चालवा. नापास झाली तर काच काढून पुन्हा चालवा. आता पास झाली तर कार्ड चांगलं आहे, कॅबिनेटमध्ये हवा कमी पडतेय. पुढून हवा आत ओढणारे दोन फॅन लावा आणि मशीन भिंतीपासून वीतभर पुढे सरकवा. काच काढूनही नापास झाली तर ग्राफिक्स ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) व्हर्जन नंबर टिपून ठेवा, दोन्ही निकाल सेव्ह करा आणि बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत कार्ड दुकानात घेऊन जा.